हरण्याचा खांब

बैलाची जबानी घेता येत नाही, म्हणून दस्तूरसाहेबांनी माणसांना बोलावलं होतं. ते विमा कंपनीचे इन्स्पेक्टर. मुंबईहून सकाळच्या गाडीने चिंचवडला उतरले, आणि आता यशोदाबाईच्या गोठ्यात, नाकाला रुमाल लावून, आडव्या पडलेल्या लाकडी खोक्याभोवती फिरत होते. खोक्यात एका कारखान्यासाठी इंग्लंडहून बोटीने आलेलं यंत्र होतं. समुद्रावर त्याला ओरखडाही उठला नव्हता. चिखलीच्या वाटेवर मात्र त्याचा बिडाचा पाया तडकला, तोही हरण्या बैलाने मान खाजवली म्हणून.

हरण्याची त्यात चूक नव्हती. गोठ्याच्या मधोमध बाभळीचा खांब होता, बैलाने अंग घासावं म्हणून पुरलेला. त्या काळी आकुर्डी ओलांडली की दोन्ही बाजूंना ज्वारी दिसे, आणि अशा खांबाशिवाय कुणाचा गोठा नसे. ओढ्यावरची मोरी अर्धवट होती. ट्रकला पलीकडच्या गोदामापर्यंत जाता येईना, म्हणून कारखान्याच्या माणसांनी खोकं अलीकडेच उतरवलं. खांब मध्ये येत होता. त्यांनी तो उपटून बाहेर टाकला आणि त्याच जागी खोकं उभं केलं. हरण्याने सवयीने खोक्यालाच मान घासली.

यशोदाबाईला कुणी विचारलं नाही. तिचे दीर उद्धवराव यांनी सगळा मळा कारखान्याला विकला होता, तिच्या वाट्याच्या तुकड्यासकट. तिने ना सही केली होती, ना अंगठा दिला होता. तरी मळ्याबरोबर गोठाही आपलाच झाला, असं म्हणून कारखान्याने तिला उठवायला पुण्याच्या कोर्टात दावा लावला होता. कारखान्याचे गुप्ते वकील दर तारखेला उठून सांगत, "या बाईंचा या जागेशी काही संबंध नाही." यशोदाबाई दर तारखेला जाई, "गोठा माझा हाय," एवढंच म्हणे आणि धार काढायच्या वेळेला घरी परत येई.

खोकं पडलं त्या सकाळी मॅनेजर लक्ष्मणराव गोठ्यात येऊन ओरडले होते, "आमच्या आवारात तुमचा बैल सोडता? कोंडवाड्यात घालीन त्याला."

"आधी त्याचा खांब कुठंय ते सांगा," ती म्हणाली होती.

पण काल संध्याकाळी तेच लक्ष्मणराव पेढे घेऊन आले. तिला मावशी म्हणाले. उद्या मुंबईचे साहेब विचारतील तेव्हा काय सांगायचं, ते दोनदा समजावून गेले. ते गेल्यावर यशोदाबाईने पोलीस पाटील रंगराव आणि तलाठी सोनबा यांना निरोप धाडला. परका साहेब दारी येतोय, चहाला चार माणसं असावीत, एवढंच तिने कळवलं.

आता पाटील, तलाठी, लक्ष्मणराव आणि वकील गोठ्यात चहा घेत होते. दस्तूरसाहेब खोक्यापाशी थांबले.

"लक्ष्मणराव, विमा काही बंदरावर संपत नाही. बोट, रेल्वे, ट्रक, सगळा एकच प्रवास. पण माल घेणाऱ्याच्या जागेत पोचला की प्रवास संपला आणि विमाही संपला. हा गोठा तुमच्या आवारात. मग यंत्र पोचलंच की. नंतर तिथं बैल आला काय आणि हत्ती आला काय, आम्हाला त्याचं काही नाही."

गुप्ते वकील पुढे झाले. "आवार कसलं, साहेब? आमचं गोदाम ओढ्यापलीकडे आहे. माल वाटेत परक्याच्या जागेत मुक्कामाला होता."

"परका म्हणजे कोण?"

"या यशोदाबाई. गोठा यांचा आहे."

"आणि खालची जमीन?"

वकिलांनी लक्ष्मणरावांकडे पाहिलं. लक्ष्मणरावांनी यंत्राच्या तडकलेल्या पायाकडे पाहिलं.

"त्यांचीच," लक्ष्मणराव म्हणाले.

"कारखान्याचा कबजा?"

"कधीच नव्हता," वकील म्हणाले.

दस्तूरसाहेब यशोदाबाईकडे वळले. "बाई, हे खरं?"

यशोदाबाई कपबश्या गोळा करत राहिली. लक्ष्मणराव पुढे सरकले.

"बोला की मावशी. आपली जमीन आपली म्हणायला कसली लाज?"

"लाज न्हाई," ती म्हणाली. "दोन वरसं हेच सांगतीया. आज पैल्यांदा समदी ऐकाया बसल्यात, म्हून जरा दम घेतला." मग ती वळली. "पाटील, वकीलसाहेब काय म्हनलं ते ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं की," रंगराव म्हणाले. "सोनबांनीबी ऐकलं."

सोनबा तलाठ्याने मान डोलावली. गावात कुणाच्या जमिनीवर कुणाचा कबजा, याची नोंद तोच ठेवत असे. वकिलांच्या ते आत्ता ध्यानात आलं. हातातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला.

"मग माझंबी लिवा," यशोदाबाई म्हणाली. "गोठा माझा. जमीन माझी. आन् बैलबी माझाच."

दस्तूरसाहेबांनी तिघांचं म्हणणं लिहून घेतलं. वकिलांना सही करावीच लागली. रंगराव आणि सोनबा साक्षीदार झाले.

क्लेम मंजूर झाला. पुढच्या तारखेला कारखान्याने कोर्टातला दावा मुकाट्याने काढून घेतला.

वर्षाने नवं यंत्र आलं. ओढ्यावरची मोरी अजून अर्धवटच होती. ट्रक गोठ्यासमोर उभा राहिला, आणि लक्ष्मणराव बूट बाहेर काढून आत आले.

"मावशी, थोडे दिवस खोकं इथं ठेवलं तर चालेल का?"

गोठ्यात बाभळीचा नवा खांब पुरलेला होता. हरण्या डोळे मिटून त्याला मान घासत होता. यशोदाबाईने त्याच्या पुढ्यात कडबा टाकला.

"ठेवा की," ती म्हणाली. "पर ह्या खेपेला हरण्याला इचारून ठेवा."