दिवाळीच्या सुट्टीतली नोकरी

दहावीतल्या प्रज्ञाला दिवाळीच्या सुट्टीपुरती उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या ड्रेस मटेरियलच्या दुकानात नोकरी मिळाली. पहिली नोकरी, त्यामुळे स्वारी भलतीच खूश होती. आईला मात्र ते अजिबात पटलं नव्हतं. अखेर ती तिला घरी न्यायला बदलापूरहून थेट दुकानात येऊन धडकली.

गर्दी होती, म्हणून शेठने आईला स्टूल दिलं. समोर एक बाई नाक मुरडत प्रज्ञाला म्हणत होती, "रंग फिका वाटतोय गं, रहने दो."

आईला राहवेना. "अहो ताई, ट्यूबलाइटखाली काय कळणार? दारात या, उजेडात बघा. तुम्हाला काय खुलून दिसेल!"

बाईने दोन ड्रेस घेतले. मग दुसरी बाई आईलाच विचारायला लागली, मग तिसरी. शेठ गल्ल्यावरून बघतच राहिला आणि त्याने आईसाठी स्पेशल चहा मागवला.

संध्याकाळी रिक्षात बसल्यावर आईने बजावलं, "उद्यापासून तू दुकानात जायचं नाहीस. घरी बसून अभ्यास करायचा."

प्रज्ञा रडवेली झाली. "अगं, पण ऐन दिवाळीत शेठला माणूस कुठून मिळणार?"



"मिळालंय," आई लाजत म्हणाली. "उद्या सकाळी दहाला बोलावलंय मला."