गल्लीतल्या भिंतीबद्दल आपले मत

"पुसून टाका," चावीवाला कानस चालवता चालवताच म्हणाला. पाहणीवालीने 'पुसावे' या शब्दापुढे खूण केली. एकशे नव्याण्णव फॉर्म झाले. एक राहिला.

गल्ली इतकी अरुंद, की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागे. एका बाजूला बुटक्या दुकानांची रांग, दुसऱ्या बाजूला चार मजली, बिनखिडक्यांची भिंत. त्या भिंतीवर कुणीतरी न विचारता रंग फासले होते. लोकांचं त्यावर काय मत आहे, हे विचारत ती सहा दिवस भिंतीलाच टेकून उभी होती. मान वर केली की दिसायचे नुसते तपकिरी पट्टे. निम्म्याहून जास्त लोक 'पुसावे' म्हणाले, की उद्या सकाळी भिंतीला चुना लागणार होता. इथे तर सगळेच तसं म्हणत होते. एरवी कचऱ्याचा डबा कुठे ठेवायचा यावरही ज्यांचं जमत नाही, ते!

"अहो ताई!" दुकानांच्या मागच्या इमारतीतून, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून हाक आली. कपडे शिवणाऱ्या मावशी होत्या. "सगळ्यांना विचारलंत. मीच काय घोडं मारलंय?"

"खाली या ना मावशी, एकच प्रश्न आहे."

"माझे गुडघे बघा आधी. तुम्हीच या वर."

तिसरा मजला चढेपर्यंत पाहणीवालीला धाप लागली. मावशींनी मशीनवरचा कपडा बाजूला सारला आणि तिला खिडकीशी उभं केलं.

"या बाजूला खिडकी माझी एकटीचीच," त्या म्हणाल्या. "आता विचारा काय ते."

पाहणीवालीने खिडकीबाहेर पाहिलं.

समोरच्या भिंतीवर चार मजले उंच एक बाई वाकली होती. साधी, थकलेली, केस विस्कटलेले. वाऱ्यात दिवा विझू नये म्हणून आपण धरतो, तसे तिने दोन्ही हात धरले होते, दुकानांच्या छपरांच्या जरासे वर. ते तपकिरी पट्टे म्हणजे तिची बोटं होती. आणि त्या हातांखालून चावीवाल्याच्या कानशीचा आवाज येत होता, कुणाचं तरी हसणं, कुणाचं भांडण.

पाहणीवालीच्या अंगावर काटा आला. सहा दिवस आपण हिच्या हातांखाली उभं राहून हिला पुसायचं का म्हणून विचारत होतो, याची तिला लाज वाटली. पण लाज मागे पडली. इतकं मोठं आणि इतकं मायेचं काही तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"रोज बघते," मावशी हळूच म्हणाल्या. "तरी दोरा ओवायचा राहून जातो."

तिने त्यांच्या फॉर्मवर 'ठेवावे'पुढे खूण केली. बाकीचा गठ्ठा थोडा थोडा करून उभा फाडला आणि मावशींच्या चिंध्यांच्या पिशवीत कोंबला. मग खिडकीबाहेर वाकून ओरडली, "चावीवाले दादा! दोन मिनिटं वर या!"

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातले साहेब होते.

"झाले ना दोनशे? चुना मारणारे थांबलेत."

"नाही साहेब," भिंतीवरची नजर न काढता ती म्हणाली. "एक झालाय. दुसरा जिना चढतोय."