वारा सरला का?

"वारा सरला का, टीचर?" डॉक्टर जयतीर्थांनी कन्नडमधून, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं.

नागरत्नाअक्कांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बन्नीमंटपाजवळ स्कूटरचं हँडल पोटात घुसून त्यांचं मोठं आतडं फाटलं होतं. ते शिवून आज चौथा दिवस. वारा सरेपर्यंत, म्हणजे आतडं पुन्हा चालू लागेपर्यंत, नाकातली नळी काढायची नाही, तोंडात पाण्याचा थेंब नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पण खाटेभोवती आठ तरुण विद्यार्थी उभे. जन्मभर वर्गात ज्यांनी साधी जांभई दिली नाही, त्या अक्का असल्या प्रश्नाला काय उत्तर देणार? जीव गेला तरी बेहत्तर.

थोरल्या जावेची ती दशा उशाशी बसलेल्या गोदेला बघवेना. आज नाही तर उद्या सरेलच की, असं तिला वाटलं.

"होय्तु, डॉक्टर," ती म्हणाली. "पहाटेच सरला."

"भेष!" डॉक्टर खूश झाले. "नळी काढा. थोडं थोडं पाणी, कॉफी चालेल."

ते पुढच्या खाटेकडे गेले. अक्कांनी गोदेचा हात धरला. "लाज राखलीस बघ माझी. ह्या पोरांपुढे कसं सांगू की मी?"

नळी निघाली. गोदेनं फ्लास्क उघडला. चार दिवसांनी अक्कांच्या ओठांना कॉफी लागली, आणि दोघी हसल्या.

दुपारी अक्कांना उचकी लागली. चार वाजेपर्यंत पोट टम्म फुगलं. गोदेनं नुसता हात ठेवला तर अक्का कळवळल्या. गोदा घाबरली.

"डॉक्टरांना सांगते, अक्का."

"नको गं. खोटं बोललो म्हणतील. स्वल्प थांब की, आता सरेल."

गोदा अर्धा तास थांबली. मग अक्कांना हिरवी उलटी झाली, तशी ती अनवाणीच पळाली. डॉक्टर जिन्याखाली भेटले.

"वारा सरला नव्हता," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

"पोटात काय काय गेलंय?"

"कॉफी. दोन लोटे." तिला रडू फुटलं. "एक पुरे म्हणत होत्या अक्का. दुसरा मीच आग्रह करून पाजला."

आता बोलणी खावी लागणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत जिना चढू लागले.