रेघेतली फट

स्नेहलने बदकाच्या पंखात तपकिरी रंग ओतला आणि अख्खं आभाळ तपकिरी झालं.

म्हणजे रेघेत पुन्हा फट होती. संगणकावर रंग ओतायचा तर शाईची रेघ सगळीकडून बंद हवी. केसाएवढी फट राहिली तरी रंग तिथून निसटून पानभर पसरतो. तिने चित्र मोठं केलं, फट शोधली, बारीक ब्रशने सांधली. या वेळी रंग पंखातच थांबला. मग तिने सावलीचा वेगळा थर घेतला आणि त्यावर उन्हाचा.

चित्रं तिच्या वडिलांची होती. अर्जुनी मोरगावला विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गुलाब मास्तर तलावांवरच्या पक्ष्यांचं पुस्तक करत होते. ते शाईने रेखाटत. स्नेहल पान स्कॅन करून रंगवत असे. रेघ जुळेनाशी झाली की लेखणी ठेवून देईन, असं ते एकदा जेवताना म्हणाले होते. तेव्हापासून फटींबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता.

गेल्या वर्षी लग्न मोडून ती माहेरी आली, तेव्हा दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असे. शेजारच्या शामकलाबाईंनी जवळच्या प्रतापगडच्या महादेवाला नवस बोलायला सुचवलं. मास्तरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. त्याच आठवड्यात ते लेकीच्या उशाशी जांभळ्या पाणकोंबडीचं पान ठेवून म्हणाले, "येवढं रंगवून दे."

सुटका व्हावी म्हणून तिने रंग ओतला, तर सगळा तलाव जांभळा झाला. फटी बुजवण्यात दुपार गेली. संध्याकाळी तिने आपणहून जेवण मागितलं. बापाचा हात थकला, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि ते झाकायला तरी रोज उठणं भाग होतं.

बी.एस्सी. झालेल्या मुलीला एक गोष्ट खटकायला हवी होती. थरथरत्या हाताची रेघ वळणावर डगमगते. ही रेघ ठाम चालता चालता मध्येच तुटत असे. पण बाप म्हातारा होतो आहे हे मनाने एकदा धरलं, की पुरावा तपासायचं कोणाला सुचतं?

आता नागपूरच्या एका स्टुडिओने तिची पानं पाहून नोकरी देऊ केली होती. उत्तर आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. मास्तर तर आनंदाने बॅगच काढून बसले होते.

"जा ना. काऊन विचार करून राहिली?"

"नागपूरचं ऊन मले सोसत नाही, बाबा."

"अन् अर्जुनीत का बर्फ पडते?"

खरं कारण तिने सकाळी आईला सांगून टाकलं होतं. "मी गेली त बाबाच्या फटी कोण बुजवंल? त्याईच्या ध्यानात आलं त लेखणीच ठेवून देतीन." तांदूळ निवडता निवडता सुमनबाई नुसतं 'हं' म्हणाल्या. थोड्या वेळाने सूप बाजूला ठेवून त्या मागच्या पडवीत, मास्तर चित्रं काढत बसायचे तिथे, गेल्या.

बदक संपलं, तसं पुस्तकाचं शेवटचं पान आलं. सारसांची जोडी. पान रंगवून स्टुडिओला नकार कळवायचा, असं तिने ठरवलं होतं.

तिने अंगात करडा रंग ओतला. तो अंगातच राहिला. मानेत लाल ओतला. एक थेंब बाहेर आला नाही. तिने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. पिसामागून पीस पाहिलं. सगळं बंद. बुजवायला काहीच नव्हतं.

पान घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. हे बाबांचं नाही, कोणाकडून काढून घेतलं, असं तिने आईला विचारलं.

सुमनबाईंनी सुपातून नजर उचलली नाही.

"त्याईनंच काढलं. मीच म्हटलं, पोरगी उठली आता, ब्लेडनं रेघा खरवडनं बंद करा."