आबांचा सरडा

संग्रामला सरड्याकडे बघायचा कंटाळा, मोबाइलकडे बघायचा मात्र नाही, हे कालिंदाबाईंचं रोजचं दुखणं होतं. दवाखान्याने घरी पाळायला दिलेल्या त्या सरड्याच्या लाळेचा एक थेंब सकाळी जिभेवर पडला, की त्यांच्या नवऱ्याला, आबांना, दिवसभर घरची माणसं ओळखू येत.

आज सरडा काचेच्या पेटीच्या कोपऱ्यात जबडा वासून पडला होता. तोंड कोरडं ठाक. कालिंदाबाईंनी त्याच्या बसायच्या दगडाला हाताची मागची बाजू लावली आणि झटकन काढली. बाळंतिणींना शेक देण्यात त्यांचा जन्म गेला होता. कातडी कधी भाजते, ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

“पण आई, मोबाइलवर तीसच डिग्री दाखवतंय,” त्यांचा लेक संग्राम म्हणाला.

“मग आबांना मोबाइल चाटायला दे.”

त्यांनी मोबाइलला आकडा पाठवणाऱ्या तापमापकाची वायर ओढून पाहिली. काल पेटी धुताना संग्रामने तिचं टोक दगडावरून काढलं होतं आणि सावलीतल्या पाण्याच्या वाटीशेजारी तसंच टाकलं होतं. तिथे गारवा, म्हणून दगड तापवणारा वरचा दिवा कालपासून आपोआप बंदच झाला नव्हता.

त्यांनी दिवा विझवून डॉक्टरांना फोन लावला. सरडा जगेल, पण आठ दिवस थेंब मिळणार नाही, असं ते म्हणाले.

आतून आबांनी विचारलं, “अहो बाई, तुम्ही कुणाकडे आलात?” सकाळपासून तिसऱ्यांदा.

कालिंदाबाई भिंतीला टेकल्या. संग्राम मान खाली घालून उभा होता.

“सरड्याचं मी बघते,” त्या म्हणाल्या. “तू आत जा, बापापाशी बस. त्यांनी तुला नावानं हाक मारेपर्यंत उठायचं नाही.”