अडवायला रस्ता

कर्नल सातुर्निनो गाडीतून उतरले आणि सवयीने त्यांनी आधी दगडांकडे पाहिलं, मग माणसांकडे. दगड चुकीच्या जागी होते. माणसं म्हणजे बहुतेक बायकाच होत्या, रस्त्याच्या मधोमध चूल मांडून बसलेल्या.

घाटापलीकडच्या नव्या दवाखान्याचं दुपारी उद्घाटन आहे, मला जाऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. दवाखाना त्यांचाच होता, म्हणजे पाया त्यांनी खणला होता. सगळी हयात पोलिसात काढून ते प्रांताचे गव्हर्नर झाले, आणि भिंती छताला लागायच्या आत मुदत संपली. छत नव्या गव्हर्नरने घातलं. फलकावर फक्त त्याचंच नाव आहे, अशी कुणकुण होती. पडदा सरकेल तेव्हा कर्नलना फलकाला खेटून उभं राहायचं होतं. आपलं नाव नसेल तर सगळ्यांसमोर जाब विचारायचा होता.

बायकांची पुढारी एपिफानिया म्हणाली, की गावातल्या नळांना पाणी येईपर्यंत रस्ता बंद.

नळ मीच बसवले, कर्नल म्हणाले.

ते तिला माहीत होतं. नळांच्या उद्घाटनाच्या दिवशी अग्निशामक दलाच्या गाडीने वरच्या टाकीत पाणी ओतलं होतं, ते संध्याकाळपर्यंत पुरलं. नळ मात्र अजून छान आहेत. कोंबड्या बसतात त्यांच्यावर.

"आणि हा रस्ता?" कर्नल म्हणाले. "हा कुणी केला?"

"तुम्हीच की, कर्नलसाहेब. देव तुमचं भलं करो. रस्ता नव्हता तेव्हा आम्हाला अडवायलासुद्धा काही नव्हतं."

मागच्या बायकांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

तरी एक सवलत होती. ज्याला पलीकडे जायचं असेल त्याने सूनरडवा बटाटा सोलून दाखवायचा. हा बटाटा गाठीगाठींचा, आवळलेल्या मुठीसारखा. इथे लग्न ठरायच्या आधी होणारी सासू तो मुलीच्या हातात देते, आणि तो न मोडता सोलला तरच पुढचं बोलणं होतं. सकाळी एका ट्रकवाल्याने सोलला. त्याला सोडलं, शिवाय दोघीतिघींनी त्याच्या घरच्यांची चौकशीही केली.

कर्नल चाकू घेऊन दगडावर बसले. पहिला बटाटा तिसऱ्या गाठीला मोडला. दुसरा हातातच दुभंगला.

"तुम्हाला तर आमच्यात कुणी सून करून घेणार नाही," एपिफानिया म्हणाली.

कर्नल उठले, वळणापर्यंत गेले, परत आले, घड्याळ पाहिलं, पुन्हा गेले. तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर बातमी आली. नव्या गव्हर्नरच्या जीपगाड्या शहरातून निघाल्या होत्या, याच रस्त्याने.

"तोही बटाटा सोलणार?" कर्नलनी विचारलं.

"त्याची आई बाजारात बटाटे विकायची," एपिफानिया म्हणाली. "सोलेल."

कर्नलनी दगडांकडे पाहिलं. मग त्यांना राहवेना. दगड सरळ रस्त्यावर आहेत, ते म्हणाले, दुरूनच दिसतात. त्याच्या जीपगाड्या खाली उतरून नदीतून निघून जातील, कसला बटाटा आणि कसलं काय. दगड वळणाच्या पुढे हवेत. गाड्या वळणात आल्या, की मागेही टाकायचे. रस्ता रोखणारे काय काय करतात, हे ते पोलीस प्रशिक्षण केंद्रात वर्षानुवर्षं शिकवत आले होते. फक्त दुसऱ्या बाजूने.

एपिफानिया त्यांच्याकडे बघत राहिली. "हे आमच्यासाठी चाललंय, की स्वतःसाठी?"

कर्नल एका दगडाशी वाकले. "त्या टोकाने धरा," ते म्हणाले.

गाड्या वळणात अडकल्या त्या अगदी पुस्तकात दाखवतात तशा. पुढच्या जीपमधून एक कॅप्टन उडी मारून उतरला, कर्नलना पाहून त्याचा हात आपोआप सलामाला गेला. सर, हा तर तुमचाच धडा, तो म्हणाला, आणि यातून सुटायचं कसं ते शिकवायचं राहिलं होतं. कर्नल म्हणाले, राहिलं नव्हतं, यातून सुटताच येत नाही.

नवा गव्हर्नर मात्र कोट काढून बसला आणि जीभ दातांत धरून सोलायला लागला. हात सफाईदार होता. कर्नल त्याच्या डोक्यावर उभे होते. दर गाठीला ते आणखी थोडे खाली वाकत होते. शेवटची गाठ उरली.

तेवढ्यात घाटापलीकडे शोभेचे बाण फुटले. एक, मग आणखी, मग बरेच. निळ्या आकाशात धुराचे पांढरे गोळे दिसायला लागले. उद्घाटन झाल्याशिवाय हे उडवत नाहीत.

दोन्ही गव्हर्नर मान वर करून बघत राहिले.

कॅप्टनने वायरलेसवर विचारलं. उत्तर आलं, की दोन्ही साहेबांची पुष्कळ वाट पाहिली, रोग्यांची रांग फाटकाबाहेर गेली, त्यात एका बाईला कळा सुरू झाल्या, तेव्हा नर्सबाईंनीच फीत कापली. कात्री तिथे होतीच.

"मुलगा की मुलगी?" एपिफानियाने विचारलं.

"फलकावर कुणाचं नाव आहे?" कर्नलनी विचारलं. नव्या गव्हर्नरनेही बरोबर तेच विचारलं, त्याच क्षणी.

कॅप्टन पुन्हा वायरलेसला लागला. बराच वेळ नुसती खरखर येत राहिली. मग त्याने ऐकून घेतलं, आणि कोणत्या सरांकडे पाहून सांगावं ते न कळून दगडांकडे पाहत म्हणाला:

"मुलगी झाली. फलकावरचा पडदा अजून तसाच आहे, सर. तो काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही."