पिठावरचं पाऊल

कोर्टात फोटो फिरला. जमिनीवर पसरलेलं पीठ, शेजारी दिवा आणि पिठात उमटलेलं डाव्या पायाचं पाऊल. करंगळी नसलेलं.

नवऱ्याचा खून झाला त्या खोलीत गजराबाईंनी रिवाजाप्रमाणे रात्रभर पीठ पसरून ठेवलं होतं. मेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, ते सकाळी पिठावर उमटतं म्हणतात. माणसाचं पाऊल पाहून नातेवाइकांनी हात जोडले, "मनुष्यजन्म मिळाला!" गजराबाईंनी मात्र सगळ्यांचे पाय पाहिले. करंगळी नव्हती फक्त पुतण्याला, सुदामला. खून करून त्याच खोलीत लपवलेली कुऱ्हाड न्यायला रात्री तोच आला होता, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. पुरावा एवढाच.

एरवी विज्ञानाखेरीज न बोलणारे आरोपीचे वकील आज परंपरेवर आले. "बाई, रिवाज मानता ना?"

"मानते की."

"मग हे पाऊल तुमच्या यजमानांच्याच नव्या जन्माचं. पुतण्याला कशाला गोवता?"

गजराबाईंनी फोटो पुन्हा निरखला. "आदल्या दिवशी मेलेला माणूस रातोरात जन्मला, तर त्याला नऊ नंबरची चप्पल लागते होय, साहेब?"

आरोपीच्या पिंजऱ्यात सुदामने डावा पाय हळूच उजव्यामागे घेतला.